गार होईपर्यंत

तुकडा तुटला, आणि संशोधकानं पोलाद खेचून पाहायच्या यंत्राचं बटण जरा जास्तच जोरात दाबून ते बंद केलं. जबड्यांत अडकलेले दोन्ही अर्धे त्यानं सोडवून घेतले आणि टोकाला टोक लावून पाहिलं. ते इतके चोख जुळले की मधली चीर शोधावी लागली. म्हणजे तुटण्यापूर्वी पोलाद जराही ताणलं गेलं नव्हतं. चांगलं पोलाद तुटायच्या आधी ताणलं जातं, मध्ये बारीक होतं, जवळ उभ्या असलेल्या माणसाला बाजूला व्हायला वेळ देतं. याला तेवढाही धीर नव्हता.

"पुन्हा?" दारातून प्रमुख बाईंनी विचारलं.

"पुन्हा."

"आणि ताकद?"

"ताकदीला काय धाड भरलीय? ताकद हवी तेवढी आहे. ताकद काचेलाही असते, मॅडम."

बाईंनी आत येऊन दोन्ही अर्धे हातात घेतले, पाहून परत टेबलावर ठेवले. त्यांना बोलायचं होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. परवा समितीची बैठक होती. नव्या पोलादाचं हे काम पुढे चालू ठेवायचं की गुंडाळायचं ते तिथे ठरणार होतं, आणि गुंडाळलं तर त्याची रवानगी फाटकाजवळच्या तपासणी विभागात होणार होती. बाहेरून आलेल्या मालावर शिक्के मारायचे आणि सहीसाठी कागद पुढे सरकवायचे. पंधरा वर्षं धातूच्या पोटात डोकं घालून बसलेल्या माणसाला ते जिवावर आलं असतं.

"ते म्हणतात, एकदाच जमलं त्याला योगायोग म्हणतात," बाई म्हणाल्या. "शेवटचा ठोकळा कधी लाटताय?"

"उद्या दुपारी."

"वेगळं काही करणार आहात?"

त्यानं दोन्ही अर्धे उचलून खणात टाकले.

एकदा जमलं होतं हे मात्र खरं. दोन वर्षांपूर्वी याच ओतातला, म्हणजे एकाच वेळी ओतलेल्या पोलादाचा, एक ठोकळा भट्टीत तापवून, मिलच्या रोलांमधून लाटून, पाण्यात बुडवून त्यानं कापला, घासून आरशासारखा केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर पोलादाचे कण दिसेचनात. साध्या भिंगानं हात टेकले. मोठ्या यंत्राखाली नेल्यावर ते दिसले, एकाला एक खेटून बसलेले, नेहमीच्या पोलादातल्या कणांच्या मानानं अगदीच चिमुकले. कण जितके बारीक तितकं पोलाद मजबूत आणि तितकंच चिवट, हे पुस्तकात असतं. इथे ते हातात होतं. त्या दिवशीचा तुकडा खेचला तेव्हा काटा चढत राहिला आणि पोलाद ताणत राहिलं, आणि यंत्राभोवती जमलेली माणसं श्वास रोखून बघत राहिली.

कणांचा तो फोटो मोठा करून व्हरांड्यात लावला होता. पाहुणे आले की बाई त्यांना आधी तिथे नेत. खाली त्याचं नाव होतं. त्या फोटोनं त्याचं जिणं हराम केलं होतं. कारण त्यानंतर त्यानं जे जे लाटलं त्यात कण निघाले ते ढोबळे, वेडेवाकडे, कुठे कडक पट्टे पडलेले. भट्टी कमी ठेवून पाहिली, तर पोलादात मिसळलेले दुसरे धातू विरघळायलाच तयार होईनात. जास्त ठेवून पाहिली, तर कण आणखी माजले. लाटायचा वेग बदलला, पाणी बदललं, शेवटी शेवटी तर त्या दिवशी घातलेला शर्टही घालून पाहिला. हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही. त्या ओतातले ठोकळे एकेक करत संपले आणि आता फडताळात एकच उरला होता.

दुपारी तो मिलच्या शेडमध्ये गेला. लाटणी यंत्रावरच्या माणसाला सगळे हवालदार म्हणत. तो कुठल्याच पोलिसात नव्हता, पण शेडमध्ये कुणी टोपीशिवाय दिसलं, कुणी फोन बाहेर काढला की तो असा डाफरायचा की समोरच्यानं खिसे तपासून घ्यावेत. आता तो मिलच्या साखळीला वंगण देत होता.

"हवालदार, उद्या दुपारी मिल लागेल. शेवटचा आहे."

"लाटू की. तुमचे ठोकळे म्हणजे मिलला लोणी." त्यानं हात पुसले. "एकानंच काय तो छळ केला होता."

"कुठल्या?"

"तो हो, फोटोवाला. आत शिरला आणि मिल अशी कण्हली, मी म्हटलं गेलं बेअरिंग! दुसऱ्याच दिवशी वर भांडून नवं बसवून घेतलं. तेव्हापासून बघा, हूं नाही की चूं नाही."

"जुनं खराब झालं होतं?"

"काढलं तेव्हा तसं बरं दिसत होतं," हवालदार म्हणाला, आणि मग जरा चिडून, "पण कण्हली होती ना! मी काय कानानं बहिरा आहे?"

संशोधक तिथेच उभा राहिला. बेअरिंग बरं होतं. मिल कण्हली होती. तापलेलं पोलाद मऊ असतं, कणकेसारखं निमूट लाटलं जातं. मिलला कण्हायला लावतं ते गार पोलाद. म्हणजे फोटोवाला ठोकळा रोलांत शिरला तेव्हा गार होता. अगदी गार नव्हे, पण असायला हवा त्याहून कितीतरी. आत भरपूर तापून मग बाहेर निवला होता. अशा पोलादात लाटून मोडलेल्या कणांना पुन्हा वाढायला ऊब उरत नाही. आणि ही एक गोष्ट त्यानं कधीच करून पाहिली नव्हती, कारण ती कुणीच करत नाही. भट्टीतून ठोकळा काढला की चिमट्यात धरून रोलांपर्यंत धावायचं, हे या धंद्यातलं पहिलं शिक्षण. नवख्यांना यावरून शिव्या बसतात. तो स्वतः तर तीन ढांगांत मिल गाठायचा आणि त्याचा त्याला चांगलाच ताठा होता.

"त्या दिवशी मी ठोकळा बाहेर ठेवून थांबलो होतो का हो?"

"मला काय ठाऊक? मी काचेमागे. तुम्ही हात वर केलात की मी बटण दाबणार. किती वेळ हात खाली होता ते कोण बघतंय?"

पण तोवर त्याला आठवलं होतं. खरं तर विसरला कधी होता?

त्या दुपारी ठोकळा भट्टीतून काढून मिलसमोरच्या रुळांवर ठेवला आणि खिशात फोन थरथरू लागला. थांबला, पुन्हा थरथरला. हवालदाराला दिसू नये म्हणून त्यानं भट्टीच्या आडोशाला होऊन तो घेतला. अक्का होती, त्याची थोरली बहीण. आई वर्षानुवर्षं अक्काकडेच होती. अक्का शिक्षिका, आणि तिला दुसऱ्या गावच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून बोलावणं आलं होतं. आईला वर्षभर तुझ्याकडे ने, म्हणजे मी तिकडे जाऊन बस्तान बसवते, असं तिचं म्हणणं होतं. तो म्हणाला होता, "मी भट्टीपाशी आहे, नंतर बोलतो." आणि फोन ठेवला होता. नंतर बोलायचं राहून गेलं. अक्काचा फोन पुन्हा आला नाही. आईची खुशाली भावोजींकडून कळत असे, त्यांच्याही तोंडून मोजकीच.

त्याला हे असंच आठवत होतं. अर्धं मिनिट. ऐकूनच घेतलं नाही, घाईत होतो, चूक झाली. पण माणूस घाईत असतो. या अर्ध्या मिनिटावर त्यानं दोन वर्षं काढली होती. त्याबद्दल वाईट वाटून घ्यायलाही ते सोयीचं होतं, फार लागत नसे.

आणि आता तेच अर्धं मिनिट आडवं येत होतं. एवढा जाड ठोकळा अर्ध्या मिनिटात काय निवणार? त्याचा रंगसुद्धा बदलला नसता.

त्यानं शेडबाहेर येऊन अक्काला फोन लावला. तिनं उचलला.

"अक्का, मी."

"दिसतंय नाव. आई बरी आहे. झोपलीय."

"मला एक विचारायचं होतं." कसं विचारावं ते त्याला सुचेना, मग त्यानं सरळच विचारलं. "त्या दिवशी तू फोन केला होतास ना, शाळेचं सांगायला. मी किती वेळ बोलत होतो?"



"दोन वर्षांनी फोन केलास," अक्का म्हणाली, "तो हे विचारायला?"

"कामाचं आहे, म्हणून."

"कामाचंच असणार. तुझं दुसरं काय असतं?" ती हसली, पण ते हसणं बरं नव्हतं. "तू कुठे काय बोलत होतास? मी बोलत होते."

"मी तर नंतर बोलतो म्हणून लगेच..."

"ते तू सुरुवातीला म्हणालास. मग मी म्हटलं, नंतर नाही, मला उद्या सकाळी कळवायचंय. आणि मी बोलायला लागले. शाळेच्या फाटकातून निघाले होते, ती घराच्या दारापर्यंत बोलत आले. तू ऐकत होतास. मागे तुझ्या भट्टीची घरघर चालू होती. मध्ये मी दोनदा विचारलं, आहेस ना, तर हूं म्हणालास. दारात आल्यावर म्हटलं, आता सांग. तर फोन ठेवलास."

"नाही गं."

"नाही काय? तू ठेवून दिला असतास ना लगेच, तर मी समजले असते. कामात होता, ऐकलंच नाही. मी परत केला असता. पण तू सगळं ऐकलंस आणि मूग गिळून बसलास. दुसऱ्या दिवशी मी शाळेला नाही म्हणून कळवलं."

ती नाही म्हणाली हे त्याला माहीत होतं. भावोजींनी सांगितलं होतं. तिलाच नको असेल, असं तो धरून चालला होता. तो शेडच्या भिंतीला टेकला. एरवी त्यानं वाद घातला असता, तुझ्या लक्षात नीट नाही असं म्हटलं असतं, आणि अक्कानं फोन आदळला असता. पण या वेळी साक्ष दुसरीकडून आली होती आणि ती व्हरांड्यात भिंतीवर लावलेली होती. तेवढे बारीक कण अर्ध्या मिनिटात होत नाहीत. तो तिथे उभा होता. पोलाद निवेपर्यंत उभा राहून त्यानं बहिणीचा शब्द न् शब्द ऐकला होता, आणि मग हात वर केला होता तो हवालदाराला.

त्याला स्वतःची शरम वाटली, आणि त्या शरमेच्या पाठोपाठ, निर्लज्जासारखा, ठोकळा आठवला.

"अक्का, फाटकापासून दारापर्यंत किती वेळ लागतो?"

"देवा!" अक्का म्हणाली.

"एकच ठोकळा उरलाय. चुकला तर संपलं माझं. मी मागाहून वाटेल ते ऐकेन, पण..."

"मी काय घड्याळ लावून चालते? भाजी घेते, कुणी भेटतं. त्या दिवशी काही घेतलं नाही, कुणाशी बोलले नाही, एवढं आठवतंय." मग म्हणाली, "उद्या शाळा सुटली की निघेन तेव्हा फोन कर. मी काही तुझ्यासाठी चालत नाही. रोज चालतेच. तुला चालू ठेवायचा असेल तर ठेव."

दुसऱ्या दिवशी त्यानं ठोकळ्याला बारीक भोक पाडून आत तापमान मोजायची तार बसवली. काहीही झालं तरी या वेळी आकडा हाती लागायला हवा होता. शाळा सुटायच्या वेळेला भट्टी हवी तेवढी तापली होती. त्यानं खिशातून फोन काढला, तसा काचेमागून हवालदार ताडकन उठला.

"साहेब! फोन?"

"आज लागणार आहे."

"नियम सगळ्यांना सारखा असतो."

"हवालदार, आजच्या दिवस तुमच्या पाया पडतो."

हवालदारानं तोंड वाकडं केलं आणि पाठ फिरवून बसला. म्हणजे त्यानं पाहिलं नाही.

"फाटकात आहे," अक्का म्हणाली.

त्यानं भट्टीचं दार उघडलं, चिमट्यानं ठोकळा ओढला, रुळांवर ठेवला आणि पंधरा वर्षांच्या सवयीनं त्याचे पाय मिलकडे धावू लागले होते ते आवरले. ठोकळा पिवळसर नारिंगी होता. फोनमधून मुलांचा गलबला, सायकलच्या घंटा आणि अक्काच्या चपलांचा आवाज येत होता. ती काही बोलत नव्हती. चपला भराभर वाजत होत्या.

"अक्का, तू जोरात चालतेयस का?"

"नेहमीसारखी चालतेय."

"त्या दिवशी बोलत चालत होतीस. माणूस बोलताना हळू चालतो. अशी गेलीस तर लवकर पोचशील."

"मग?"

"मग बोल."

"काय बोलू?"

"तेच," तो म्हणाला. "त्या दिवशीचं."

चपला थांबल्या. आता ती फोन ठेवणार आणि मला तेच हवं होतं, असं त्याला क्षणभर वाटून गेलं. ठोकळ्याच्या कडा लाल होऊ लागल्या होत्या. मग चपला पुन्हा वाजू लागल्या, हळू.

"मी म्हटलं होतं, मला पण काहीतरी व्हायचंय," अक्का म्हणाली. सुरुवातीला ती धडा वाचून दाखवावा तशी बोलत होती. "म्हटलं होतं, तुला शिकायला बाहेर जायचं होतं तेव्हा कुणी विचारलं नाही, आईचं काय म्हणून. आणि विचारू नयेच. पण मला रोज विचारतात. शाळेत सहल निघाली तरी विचारतात. म्हटलं होतं, आई मला ओझं नाहीये. मला कुणीतरी एकदा म्हणायला हवंय, की आता तू जा." मग आवाज धडा वाचण्याचा राहिला नाही. काही त्या दिवशीचं होतं, काही नंतरच्या दोन वर्षांतलं त्यात मिसळत गेलं. त्या गावच्या शाळेतल्या नव्या मुख्याध्यापिका तिच्याहून धाकट्या होत्या. परवा गणिताच्या तासाला तिला फळ्यासमोर उभं राहून एकाएकी काही आठवेना. मध्येच तिनं विचारलं, "आहेस ना?"

त्यानं हूं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. "आहे," तो म्हणाला. "ऐकतोय."

ठोकळ्याचा लाल रंग गडद झाला, मग नुसता मधोमध राहिला आणि उजेडात दिसेनासा झाला. कुणाही नवख्यानं म्हटलं असतं, गेला वाया. हवालदारानं न राहवून काचेवर टकटक केली आणि दोन्ही हात पसरून विचारलं, हे काय चाललंय? त्यानं थांबा अशी खूण केली. तारेच्या यंत्रावरचा आकडा उतरत होता. तो आकड्याकडे बघत नव्हता.

"पोचले," अक्का म्हणाली. "इथे ठेवलास तू."

त्यानं हात वर केला. फोन तसाच शर्टाच्या खिशात घातला आणि ठोकळा रोलांत ढकलला. मिल कण्हली. पायाखालची फरशी थरथरली, वरचे पत्रे खडखडले, दाबाचा काटा दोन वर्षांत कधी गेला नव्हता तिथे गेला. दुसऱ्या फेरीला ती आणखी कण्हली. काचेमागे हवालदार कपाळाला हात लावून ओरडत होता. शेवटच्या फेरीनंतर पट्टी पाण्यात गेली, सूं करून वाफ उठली आणि शेडमध्ये एकदम शांत झालं.

"गेलं बेअरिंग!" हवालदार बाहेर धावत आला. "नवं कोरं बेअरिंग! कालच म्हटलं होतं मी, लोणी आहे, आणि तुम्ही..." पाण्यातल्या पट्टीकडे लक्ष जाताच तो थबकला. "साहेब, ही त्या फोटोवाल्यासारखी तर नाही ना?"

पट्टी बाहेर काढायला हवी होती. कापायला, घासायला हवी होती. बाई वरती वाट बघत असतील. संशोधकानं खिशातून फोन काढला. तो चालूच होता.

"अक्का?"

"दारातच आहे. केवढा आवाज रे तो. झालं तुझं काम?"

"झालं बहुतेक."

"मग ठेव आता."

त्यानं ठेवला नाही. "अक्का, ती जागा..."

"ती भरली केव्हाच," अक्का म्हणाली. कडी वाजली, दार उघडलं. आतून आईचा आवाज आला, कोण आहे गं? अक्कानं तिला उत्तर दिलं नाही.

"मी चपला काढतेय," ती त्याला म्हणाली. "तोवर बोल."